सात नंबर सहावर आला: एका ड्युअल-बूट लॅपटॉपचं प्रकरण

काळ्या स्क्रीनवर तीन ओळी होत्या. "एरर: अननोन फाइलसिस्टिम." त्याखाली "एंटरिंग रेस्क्यू मोड", आणि त्याखाली "ग्रब रेस्क्यू" लिहून पुढे लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे लॅपटॉप चालू करताना विंडोज की लिनक्स हे विचारून ती सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम. भाच्याने हा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा सकाळचे सव्वासात झाले होते. जुलै २०२३, चिपळूणला धो धो पाऊस आणि त्याचं सबमिशन दुसऱ्या दिवशी. मी पुण्यात. म्हणजे जे काही करायचं ते फोनवर.

"काल काय बदललंस?" मी विचारलं.

"काहीच नाही."

हे उत्तर मी नोकरीत रोज ऐकतो, त्यामुळे त्यावर माझा विश्वास नसतो. पण पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याने आदल्या संध्याकाळी विंडोजमध्ये डी ड्राइव्ह मोठी केली होती. त्यानंतर रात्री अकरापर्यंत लॅपटॉप व्यवस्थित चालला, मग त्याने बंद केला. त्याच्या लेखी डी ड्राइव्हचं काम कालच सुखरूप पार पडलं होतं आणि लॅपटॉप आज बिघडला होता. दोन्हींचा संबंध त्याला लागणार तरी कसा? पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, बदल चालू मशीनला दुखत नाही. दुखतं ते पुढच्या वेळी बटण दाबल्यावर.

लॅपटॉपची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण सगळा गुंता त्यातच आहे. मशीन जुनं, विंडोज ७ च्या काळातलं, नंतर विंडोज १० वर नेलेलं. ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोजच्या हिशोबाने ४६५. मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर नव्या पद्धतीचं यूईएफआय नाही, जुन्या पद्धतीचं बायोस, आणि डिस्कवर जुन्या एमबीआर पद्धतीचा पार्टिशन टेबल, म्हणजे पार्टिशनांची यादी. बारावीनंतर तो लॅपटॉप त्याला मिळाला तेव्हा त्यावर उबुंटू २०.०४ (लिनक्सचा एक प्रकार) मीच विंडोजच्या शेजारी टाकून दिलं होतं; यालाच ड्युअल-बूट म्हणतात. मांडणी अशी: पहिल्या नंबरावर विंडोजचं शंभर एमबीचं सिस्टिम रिझर्व्हड, दुसऱ्यावर सी ड्राइव्ह. तिसरं एक्स्टेंडेड, म्हणजे नुसती पेटी. त्या पेटीत पाच नंबरला डी (१०० जीबी), सहाला ई (९० जीबी), सातला उबुंटू आणि आठला चार जीबीचं स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची जागा. स्वॅपसाठी वेगळं पार्टिशन ठेवायची आता गरज नसते, पण माझी जुनी सवय.

डी भरली होती आणि ई जवळजवळ रिकामी होती, ताईच्या घरचे जुने फोटो तेवढे तिच्यात. पोराने रीतसर विचार केला. फोटो पेनड्राइव्हवर काढले, डिस्क मॅनेजमेंट उघडलं, ई डिलीट केली, डी वर राइट क्लिक करून एक्स्टेंड व्हॉल्यूम केलं. डी १९० जीबीची झाली. शेजारच्या दोन पट्ट्यांवर ना अक्षर होतं ना फाइलसिस्टिमचं (फायली मांडायच्या पद्धतीचं) नाव, त्यांना त्याने हात लावला नाही. याबद्दल त्याचं कौतुक केलंच पाहिजे. विंडोजला लिनक्सचं पार्टिशन वाचता येत नाही, म्हणून ते तिथे असं निनावी दिसतं आणि "ही जागा फुकट पडलीय" म्हणून उडवणारे मी पाहिलेत. तसं झालं असतं तर टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम) घेऊन बसावं लागलं असतं आणि हा लेख वेगळाच झाला असता.

फोटो पाहिल्यावर मला निदान जवळजवळ लगेच झालं. कारण होतं पहिल्या ओळीतला एक शब्द. पार्टिशन उडालेलं असतं तेव्हा ग्रब सहसा "नो सच पार्टिशन" म्हणतो. इथे तो म्हणत होता "अननोन फाइलसिस्टिम". म्हणजे तो ज्या दारावर गेला ते दार जागेवर आहे, पण आत भलताच कोणी राहतो.

हे का होतं ते थोडं उलगडून सांगतो. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला आणि शेवटचे दोन बाइट खुणेचे. ६४ बाइटमध्ये सोळा-सोळा बाइटच्या चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. एक ते चार या नंबरांच्या जागा टेबलात ठरलेल्या असतात. दोन नंबर उडवला तरी तीन हा तीनच राहतो. पाचपासून पुढची लॉजिकल पार्टिशनं मात्र साखळीत असतात. प्रत्येकाच्या आधी एक छोटी नोंद, तिच्यात या पार्टिशनची माहिती आणि "पुढचा तिकडे आहे" एवढी खूण. नंबर कुठेच लिहिलेला नसतो. लिनक्स काय किंवा ग्रब काय, साखळी धरून चालत जातात आणि पाच, सहा, सात असं मोजत जातात. रेशनच्या रांगेतून मधला माणूस निघून गेला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, तसंच. ई निघून गेली. सातवर असलेलं उबुंटू सहावर आलं, आठवरचं स्वॅप सातवर आलं.

डिस्कवरचा डेटा एक बाइटही हललेला नव्हता.

पण ग्रबला हे कोण सांगणार? त्याचा छोटा तुकडा पहिल्या सेक्टरमध्ये बसतो, आणि मुख्य गाभा त्या सेक्टरनंतर पहिलं पार्टिशन सुरू होईपर्यंत जी मोकळी जागा असते तिथे. या गाभ्यात इन्स्टॉलच्या वेळीच कोरून ठेवलेलं असतं की बाकीचं सामान कुठे आहे. इथे कोरलं होतं: सात नंबर, त्यातलं बूट, त्यातलं ग्रब. गंमत अशी की त्या फोल्डरातली मुख्य कॉन्फिग फाइल पार्टिशनला यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लांबलचक ओळख-क्रमांकाने, ओळखते, नंबर बदलला तरी तिचं अडत नाही. पण त्या फाइलपर्यंत पोहोचायचा पत्ता नंबराने लिहिलेला. ग्रब सातवर गेला, तिथे स्वॅप, स्वॅपमध्ये फाइलसिस्टिम नसतेच. म्हणून अननोन. आणि पहिल्या सेक्टरमध्ये ग्रब बसलेला असल्यामुळे विंडोजचाही रस्ता त्याच्यातूनच जातो. ते धडधाकट असूनही उठेना.

माझ्याआधी ताईने गल्लीतल्या दुकानात फोटो दाखवला होता. तिथून उत्तर आलं, "हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल." डिस्क गेली असेल तर फॉरमॅट कशाला मारायचा, हा प्रश्न ताईला पडला म्हणून फोन मला आला.

"फोटो आहेत ना रे सगळे?" ती मागून विचारत होती.

"आहेत ताई. सगळं जागेवर आहे. फक्त दुकानात नेऊ नकोस."

अशा वेळी विंडोजची सीडी लावून फिक्स-एमबीआर चालवा असा सल्ला हमखास मिळतो. तो धोक्याचा नाही, पण अर्धवट आहे. पहिल्या सेक्टरवर विंडोजचा बूट कोड बसतो, विंडोज सुरू होतं आणि उबुंटू पडद्याआड जातं. मग ते बाहेर काढायला लाइव्ह यूएसबी, म्हणजे ज्यावरून उबुंटू थेट चालतं असा पेनड्राइव्ह, लागतेच. इथे सीडी नव्हती, घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता आणि एकुलत्या एका पेनड्राइव्हवर ताईचे फोटो होते. हाताशी होता तो ग्रब रेस्क्यूचा कर्सर. लोक त्याला एरर समजतात. खरं तर तो मदतीसाठीच उघडा ठेवलेला दरवाजा आहे. त्याला चारच कमांड कळतात: एल-एस (यादी दाखव), सेट (किंमत ठरव), अनसेट (ती काढ) आणि इन्समॉड (मॉड्यूल, म्हणजे जादा तुकडा, चढव). टॅब दाबून नाव पुरं होणं वगैरे चैन नाही. पण चार पुरतात.

आधी नुसतं "सेट" टाइप करायला सांगितलं. त्याने वाचून दाखवलं: प्रिफिक्स इक्वल टू ब्रॅकेटमध्ये एचडी झीरो, कॉमा, एमएस-डॉस सात, पुढे स्लॅश बूट स्लॅश ग्रब. प्रिफिक्स म्हणजे ग्रबच्या सामानाचा पत्ता: पहिल्या डिस्कवरचं सातवं पार्टिशन. निदान पक्कं झालं. मग "एल-एस". एचडी झीरो, आणि त्याच्या पोटात सात, सहा, पाच, दोन, एक. तीन नंबर यादीत येत नाही, कारण ती पेटी आहे. आठही नव्हता.

"आता एकेकाचं दार वाजवायचं. एल-एस, स्पेस, ब्रॅकेट चालू, एचडी झीरो, कॉमा, एमएस-डॉस पाच, ब्रॅकेट बंद, स्लॅश. एंटर."

"अननोन फाइलसिस्टिम."

"बरोबर. ती डी आहे, एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फाइलसिस्टिम. ग्रबकडे आत्ता एनटीएफएस वाचायचं मॉड्यूल नाही. आता सहा."

शेवटचा स्लॅश महत्त्वाचा. तो दिला की आतली यादी येते, नाही दिला तर नुसती फाइलसिस्टिम कळते. आणि उबुंटूची फाइलसिस्टिम ईएक्सटी४ असली तरी ग्रब तिला "ईएक्सटी२" म्हणतो, त्याने दचकू नये. थोडा वेळ शांतता. मग तो वाचायला लागला, "लॉस्ट प्लस फाउंड, बूट, ईटीसी, होम... मामा, होम आहे! होम आहे!" होम म्हणजे त्याच्या सगळ्या फायलींचं फोल्डर. मागे ताईने विचारलं, काय आहे? कोणी उत्तर दिलं नाही.

मग पहिली खरी ओळ. सेट, स्पेस, प्रिफिक्स, इक्वल टू, ब्रॅकेटमध्ये एचडी झीरो कॉमा एमएस-डॉस सहा, स्लॅश बूट, स्लॅश ग्रब.

"मामा, हे म्हणतंय नॉट ॲन असाइनमेंट."

"काय?"

"नॉट ॲन असाइनमेंट. माझी असाइनमेंट उद्या आहे हे याला कोणी सांगितलं?"

इक्वल टूच्या दोन्ही बाजूंना त्याने स्पेस दिली होती, कॉलेजात प्रोग्रॅम लिहिताना देतात तशी सुबक. इथे ती चालत नाही. पुन्हा टाइप केलं, गप्प बसलं. ग्रब गप्प बसला म्हणजे त्याला पटलं. दुसरी ओळ: सेट रूट इक्वल टू एचडी झीरो कॉमा एमएस-डॉस सहा. तिसरी: इन्समॉड नॉर्मल. इथेच खरी परीक्षा. पत्ता चुकला असता तर "फाइल नॉट फाउंड" आलं असतं. आलं नाही. चौथी ओळ, इन्समॉडने आत्ताच आणलेली कमांड, नुसतं "नॉर्मल", आणि नेहमीचा जांभळा मेनू समोर.

मला वाटलं, झालं. आता उबुंटूत जायचं, दोन कमांड द्यायच्या आणि चहा प्यायचा.

उबुंटू सुरू झालं आणि पुन्हा काळ्या स्क्रीनवर येऊन थांबलं. "यू आर इन इमर्जन्सी मोड." एंटर दाबा आणि दुरुस्ती करा, असं खाली. पोराचा आवाज पडला. मी त्याला एंटर दाबून लॉग बघायला लावला. खाली-वर करत त्याने लाल ओळ शोधली: /मीडिया/ई माउंट झालं नाही, म्हणजे जोडलं गेलं नाही.

आणि मला आठवलं. तीन वर्षांपूर्वी त्याला उबुंटूतून ई ड्राइव्ह दिसायला हवी होती. यूयूआयडी बघा, तो लांबलचक आकडा उतरवा, एवढा व्याप कोण करतो म्हणून मी एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) सरळ /डेव्ह/एसडीए६, म्हणजे पहिल्या डिस्कचं सहावं पार्टिशन, असं लिहून टाकलं होतं. पुढे /मीडिया/ई, पुढे एनटीएफएस. म्हणजे इतका वेळ ज्या चुकीसाठी मी ग्रबला नावं ठेवत होतो, तीच चूक मी स्वतःच्या हाताने त्याच डिस्कवर लिहून ठेवली होती. आता सहा नंबरावर उबुंटू स्वतःच होतं. सिस्टिम माझी ओळ वाचत होती आणि स्वतःच्याच रूट (मुख्य) पार्टिशनला एनटीएफएस म्हणून जोडायला जात होती. ते जमत नव्हतं. एफएसटॅबमधली ओळ फसली आणि तिच्यात "नो-फेल" (जमलं नाही तरी पुढे जा) लिहिलेलं नसलं की सिस्टिमडी, म्हणजे लिनक्समधलं सगळं सुरू करणारा प्रोग्रॅम, पुढे जात नाही, इमर्जन्सीत आणून सोडतो. प्रकाराच्या जागी मी "ऑटो" लिहिलं असतं तर आणखी विचित्र झालं असतं: मशीन बिनबोभाट सुरू होऊन ई च्या फोल्डरात अख्खं उबुंटू दुसऱ्यांदा दिसलं असतं आणि पोराने तिथली "नको ती फोल्डरं" साफ केली असती.

भाच्याला मी सांगितलं की ही चूक माझी आहे. त्याला बरं वाटलेलं फोनवरसुद्धा कळलं.

इमर्जन्सीत रूटची, म्हणजे ॲडमिनची, परवानगी मिळालेलीच असते. रूट पार्टिशन लिहिण्याजोगं आहे याची खात्री म्हणून आधी रीमाउंट आरडब्ल्यू केलं, मग नॅनो या एडिटरने एफएसटॅब उघडली. ई च्या ओळीच्या सुरुवातीला हॅश, म्हणजे ती ओळ वाचलीच जाणार नाही. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. आता इथेच, रीस्टार्टच्या आधी, ग्रब पुन्हा बसवून घ्यायचा होता, कारण रेस्क्यूत टाइप केलेलं सगळं फक्त मेमरीत असतं. बंद केलं की ग्रब पुन्हा सातच्या दाराशी.

"आता ग्रब हायफन इन्स्टॉल..." मी म्हणालो आणि पलीकडून "गेली!" असं ऐकू आलं.

लाईट गेली होती. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपासून मेलेली, त्यामुळे लॅपटॉपही गेला.

चाळीसेक मिनिटांनी लाईट आली. नॅनोने फाइल जागेवर लिहिलेली होती का, ही धाकधूक मलाच जास्त. पुन्हा ग्रब रेस्क्यू. या वेळी मी काही सांगायच्या आत त्याने चारही ओळी मारल्या. लाईट नसताना वहीच्या मागच्या पानावर लिहून काढल्या होत्या म्हणे, स्पेस न देण्याच्या सूचनेसकट. मेनू आला, उबुंटू निवडलं, आणि या वेळी लॉगिन स्क्रीन. स्वॅपचाही काही त्रास नाही, कारण इन्स्टॉलरने स्वॅप यूयूआयडीने नोंदवलं होतं आणि नंबर बदलला तरी यूयूआयडी तोच राहतो. तो बदलतो फॉरमॅट केल्यावर. स्वॅप नव्याने बनवलं असतं तर बूट होताना दीड मिनिट वाट बघत बसण्याचा प्रकार सुरू झाला असता.

टर्मिनल उघडून सुडो ग्रब-इन्स्टॉल, पुढे /डेव्ह/एसडीए. नंबर न लावता. ग्रब डिस्कच्या डोक्यावर बसवायचा असतो, पार्टिशनच्या नाही. सवयीने सहा लावला की नवाच घोळ. "इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड." मग अपडेट-ग्रब, त्याने यादीत विंडोज १० शोधून घेतलं. २०.०४ मध्ये हे आपोआप होतं. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिमा शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो, तिथे मेनूतून विंडोज गायब झालेलं दिसलं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये त्याचा "डिसेबल" फॉल्स करून पुन्हा अपडेट-ग्रब चालवावं लागतं.

दोनदा पूर्ण बंद करून चालू करायला लावलं, एकदा उबुंटूत, एकदा विंडोजमध्ये. दोन्ही उठले. उबुंटूत डी नुसती वाचता येत होती, लिहिता येत नव्हती; तो विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचा परिणाम. शट डाउन केलं तरी विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्स अशा एनटीएफएसवर लिहायला नकार देतं. विंडोजमध्ये पॉवर-सीएफजीने हायबरनेशन बंद करून तेही मिटवलं. एफएसटॅबमध्ये डी ची नवी ओळ घातली, या वेळी बीएलके-आयडी कमांडने मिळालेल्या यूयूआयडीसकट आणि नो-फेल लावून. शेवटी एसएफडिस्क हायफन डी या कमांडने पार्टिशन टेबलची नक्कल एका टेक्स्ट फाइलमध्ये काढून ती मला मेल करायला लावली. दहा-बारा ओळींची फाइल असते, पण टेबलच उडालं तर तीच कामाला येते.

नवीन मशीनवर हे प्रकरण असं घडत नाही, हेही सांगायला हवं. जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) डिस्कवर प्रत्येक पार्टिशनची नोंद आपापल्या खणात असते, साधारण १२८ खण. मधला रिकामा झाला म्हणून मागचे पुढे सरकत नाहीत. यूईएफआयमध्ये ग्रब ईएफआय पार्टिशनच्या (बूटच्या फायलींसाठी राखलेल्या) उबुंटू फोल्डरात असतो आणि रूट पार्टिशन यूयूआयडीने शोधतो. तिथे रडायची वेळ येते ती ईएफआय पार्टिशनच पुसलं तर, किंवा रूट नव्याने फॉरमॅट केलं तर. आणि समोर येतो तो बहुधा नुसता "ग्रब", पुढे रेस्क्यू नसलेला, ज्यात कमांड भरपूर चालतात. विंडोज तर फर्मवेअरच्या बूट मेनूतून थेटही सुरू करता येतं. जुन्या बायोसच्या लॅपटॉपवर मात्र पेटीतलं पार्टिशन उडवायचं तर आधी लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवावा, असं मी आता सांगतो. आणि जागा लागून नसताना हट्टाने वाढवायला गेलं की विंडोज डायनॅमिक डिस्क करू का म्हणून विचारतं, तिथे नाही म्हणावं.

सबमिशन वेळेत झालं. फोटो पेनड्राइव्हवरून डी वर परत आले, ताईने एकेक फोल्डर उघडून खात्री केली.

त्याच आठवड्यात मी आणखी तीन जणांना फोन केले, ज्यांना मी त्या काळात ड्युअल-बूट करून दिलं होतं. एफएसटॅब उघडून वाचून दाखवा म्हटलं. दोघांच्या फाइलमध्ये माझी ती आळशी ओळ होती, एकाच्या तर दोन. तिसरा म्हणाला, "लिनक्स मी कधीच काढून टाकलंय, तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."